सटवाईचा कागद

रात्र-महाविद्यालय, खोली नंबर सात.
वर्गात एकटा सर्जेराव मगदूम,
चाळिशीचा, उद्यमनगरात मोल्डर.
नखांत काळी वाळू,
वहीच्या प्रत्येक पानाला अंगठ्याचा ठसा.
बाकीचे खासबागेत कुस्त्या बघायला गेलेले.
फळ्यावर मी लिहिलं : अस्तित्ववाद.
त्यानं उतरवून घेतलं, जोडाक्षर दोनदा खोडून.

म्हटलं, असं बघा,
सुभाषनगरात चप्पल होते तेव्हा
आधी कुणाच्या तरी डोक्यात पाऊल असतं,
मग कातड्याला राप्पी लागते.
तुमच्याकडे पॅटर्न आधी, पंपाची झडप नंतर.
झडपेला कधी रात्री जाग येत नाही
की मी कशाला.
माणूस मात्र आधी येऊन पडतो
आणि मग शोधत बसतो आपलं ड्रॉइंग.
ते काढणारं ऑफिसच नाही कुठं.

तो हसला.
"पण बाई, वाळूचा साचा दर ओताला मोडावाच लागतोय,
मोडल्याबिगर वस्तू भाईर येत न्हाई."
बावीस वर्षं शिकवतेय,
हे मला सुचलं नव्हतं.
मी खडू खाली ठेवला.

"आन् माझ्या पाचवीला सटवाईनं लिवलंय त्याचं काय?
आई सांगती, पाटावर कागद ठेवलेला, बोरू ठेवलेला,
रातभर दिवा."
सकाळी कागदावर काय होतं?
"काय न्हाई. तिचं अक्षर दिसत न्हाई."
मी म्हटलं, ही माणसं एवढंच म्हणतात,
कागद कोरा होता.
बाकीची तीनशे पानं परीक्षेपुरती.

खालून शेवटची केएमटी गेली,
तावदानं थरथरली.
"मग लई भ्या वाटायला पायजे की, बाई."
वाटतं.
कुस्ती लागलेली, कडेला वस्ताद नाही,
डाव ओरडून सांगणारं कुणी नाही,
आणि पंच म्हणून ज्याच्याकडे बघावं
तर तिथंही आपणच, लंगोटावर.

बराच वेळ तो पेनाचं टोपण लावत काढत होता.
मग म्हणाला, लेडलला तडा गेलाय.
केसाएवढा. पण गेलाय.
मालकाचा भाचा म्हणतो, रजिस्टरला सही कर,
तपासलं, ठीक आहे.
"दोन पोरी हायत. नाइलाज हाय."

नाइलाज. मी फळ्यावर लिहिला तो शब्द.
किती ऊब आहे बघा त्यात, घोंगडीसारखी,
डोक्यावरून घेतली की कुणी दिसत नाही, आपणही नाही.
तुम्ही सही करू शकता.
नाही म्हणू शकता. आजारी पडू शकता.
भट्टीवरच्या पोरांना तडा दाखवू शकता.
सगळं महाग आहे, सर्जेराव,
पण महाग म्हणजे बंद नव्हे.

बोलले, आणि तोंड कडू झालं.
पगार त्याचा कापला जाणार होता.
मी तर दर दिवाळीला बहिणीला फोनवर सांगते,
राहिले बाई या गावात, नाइलाज झाला.
बदलीचा अर्ज कपाटात आहे, माझ्याच अक्षरात,
तारखेची जागा मोकळी.

"मग मी काय करू?"
पंखा फिरत होता.
मी म्हटलं, पाच मार्कांना येतो हा प्रश्न.
तो हसला नाही.
मीही नाही.

गुरुवारी तो आला, दहा मिनिटं उशिरा,
नेहमीच्या बाकावर बसला, वही उघडली.
सही केली का, मी विचारलं नाही.
हजेरीत त्याच्या नावापुढे खूण केली
आणि खाली, रोज करते तिथं,
सही करायला पेन टेकवलं.
शाईचा ठिपका
मोठा होत गेला.